परदेशी विद्येचे ऋण



आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, ही हकीगत महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्यांच्याही एक वर्ष आधी, म्हणजे १८८२ साली, पुण्याचे केशव मल्हार भट नावाचे एक गृहस्थ बॉस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले होते, हे फारच थोड्यांच्या कानावर असेल. त्या संस्थेत शिकलेले ते पहिले हिंदी विद्यार्थी होत. आनंदीबाईंची चरित्रे निघाली, त्यांच्यावर नाटके झाली. भटांच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. त्याबद्दल मी तक्रार करीत नाही. आनंदीबाईंची कथाच तशी हृदयाला हात घालणारी आहे. परंतु आज महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात, कोणत्याही गल्लीत डोकावले तरी इंजिनिअरिंगच्या वरच्या परीक्षेसाठी परदेशी गेलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असलेले घर हमखास सापडते. ही वाट प्रथम कोणी तुडविली, कोणाच्या पैशाने तुडविली आणि त्या पैशाची फेड कशी झाली, एवढे तरी आपण एकदा तपासून पाहिले पाहिजे.

आजच्या व्याख्यानाचा विषय मी मुद्दामच 'ऋण' या शब्दाभोवती बांधला आहे. परदेशी शिक्षणाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे सामान्यतः यशस्वी पुरुषांच्या नावांची माळ ओवली जाते. कोण केव्हा गेला, कोणती पदवी घेऊन आला, पुढे कोणत्या हुद्द्यावर चढला, हे सांगून वक्ता मोकळा होतो. मला वाटते, त्याहून अधिक बोलका प्रश्न आहे तो असा : खर्च कोणी केला? कारण जो खर्च करतो तो काहीतरी मनात धरून करतो, आणि घेणाऱ्याच्या शिरावर त्या इच्छेचे ओझे बसते. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हा दाता तीन वेळा बदलला. दाता बदलला तसे ऋणाचे स्वरूपही बदलले. या विषयावर घराघरातून जो वाद चालतो त्यातील पुष्कळसा गोंधळ एका काळचे ऋण दुसऱ्या काळच्या मुलाच्या नावावर मांडल्यामुळे होतो, असे माझे म्हणणे आहे.

परदेशी जाण्याची गरज का पडली?

प्रथम एका साध्या शंकेचे निरसन केले पाहिजे. आपल्याकडे इंजिनिअरिंगचे शिक्षण नव्हते म्हणून लोक बाहेर गेले काय? तसे नव्हे. रुडकीचे कॉलेज १८४७ सालचे. पुण्यात १८५४ सालीच इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला होता आणि त्याचेच पुढे कॉलेज झाले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. परंतु पुण्या-रुडकीच्या संस्था मुख्यतः सरकारी बांधकाम खात्याला माणसे पुरविण्यासाठी काढलेल्या होत्या. रस्ता आखणारा, कालवा मोजणारा, पुलाच्या कामावर देखरेख करणारा माणूस सरकारला हवा होता आणि तो तेथे तयार होत असे. यंत्र बनविणारा, काच ओतणारा, विजेची मोटर जुळविणारा माणूस सरकारला नको होता. तो हवा होता देशाला, आणि देशाच्या हाती त्या वेळी तिजोरीची किल्ली नव्हती.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली आणि त्याच रानड्यांनी १८९० साली तेथे औद्योगिक परिषद भरविली. लोकांना शहाणे करणे आणि लोकांना उद्योगी करणे ही त्या पिढीला दोन निराळी कामे वाटतच नव्हती. टिळक-आगरकरांच्या वर्तुळातून निघणाऱ्या 'मराठा' पत्राने बॉस्टनच्या या संस्थेकडे १८८० नंतरच्या दशकातच वाचकांचे लक्ष वेधले होते. विलायतेच्या मानाने तेथील पद्धती निराळी होती. विलायतेत तरुणाने एखाद्या कारखान्यात किंवा कसलेल्या इंजिनिअरच्या हाताखाली उमेदवारी करून धंदा शिकावा, अशी जुनी वहिवाट होती. आणि कोणत्या हिंदी मुलाला कारखान्याच्या आत घ्यावयाचे हे कारखानदाराच्या मर्जीवर असे. अमेरिकेत हेच ज्ञान वर्गात आणि प्रयोगशाळेत रीतसर अभ्यासक्रम म्हणून मिळू लागले होते. फी भरली, परीक्षा दिली की दार उघडे. ज्याचा कारखान्यात वशिला नाही त्याला हा केवढा मोठा फरक आहे, हे सांगावयास नको.

पहिला दाता : समाज

आता पैशाकडे येऊ. पहिल्या कालखंडात पैसा दिला तो समाजाने. समाज म्हणजे कधी दानशूर उद्योगपती, कधी संस्थानिक, कधी वर्गणीदार आणि कधी स्वतःचेच एकत्र कुटुंब.

जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता एक निधी स्थापन केला. या निधीची योजना मुळातून लक्षात घेण्यासारखी आहे. टाटांनी नुसती देणगी दिली नाही. त्यांनी कर्ज दिले. विद्यार्थ्याने शिकून यावे, कमवावे, आणि घेतलेली रक्कम परत करावी. त्या रकमेतून पुढच्या विद्यार्थ्याने जावे. निधी आरंभी पारशांपुरता होता, तो लौकरच सर्वांना खुला झाला. त्याचा लाभ पहिल्याने मिळाला तो दोन स्त्रियांना, डॉ. फ्रेनी कामा आणि आपल्या कृष्णाबाई केळवकर यांना. पुढे राजा रामण्णा, जयंत नारळीकर, राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन हेही त्याच निधीचे विद्यार्थी. या योजनेतील मर्म मी शेवटी सांगणार आहे. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे की ती भीकही नव्हती आणि बक्षीसही नव्हते.

कलकत्त्यास १९०४ साली जोगेंद्रचंद्र घोष यांनी हिंदी विद्यार्थ्यांना शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणासाठी परदेशी पाठविणारी संस्था काढली आणि वर्गण्या गोळा करून शेकडो तरुण जपान, युरोप व अमेरिकेत पाठविले. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना लोकांपुढे ठेवली. माणशी एक पैसा! त्या पैशापैशाच्या राशीतून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. पण काच पैशाने ओतली जात नाही. तिला जाणता लागतो. तो जाणता मिळाला ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या रूपाने. संयुक्त प्रांताच्या या तरुणाने जपानात आणि अमेरिकेत जाऊन काचेची विद्या संपादन केली होती. तळेगावच्या भट्टीपाशी त्यांनी इकडच्या मुलांना ती शिकविली आणि पुढे आपल्या मुलखात बहजोई येथे स्वतःचा कारखाना काढला. परदेशी शिकलेल्या एका माणसाच्या मागे देशात दहा हात तयार व्हावेत, ही त्या काळची अपेक्षा येथे अक्षरशः फळाला आली.

एकत्र कुटुंबाचे उदाहरण म्हणजे किर्लोस्करांचे. लक्ष्मणरावांनी औंध संस्थानातील माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. नांगर, चरक, पंप होऊ लागले. परंतु हाताने शिकलेल्या कारागिरीला शास्त्राची जोड पाहिजे, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले आणि १९२२ साली मुलगा शंतनू व घरातील दुसरा मुलगा माधव यांना बॉस्टनजवळच्या त्याच संस्थेत पाठविले. हा प्रवास सुखाचा झाला नाही. माधवला तिकडे क्षयाची बाधा झाली, त्याला परतावे लागले आणि तो अकालीच गेला. शंतनुराव १९२६ साली यंत्रविद्येची पदवी घेऊन परत आले आणि वाडीच्या कारखान्यात उभे राहिले. पुढे १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, त्या इंजिनांनी महाराष्ट्राच्या विहिरींवर काय केले ते शेतकऱ्याला विचारावे. पण यशाचा हिशेब मांडताना घरच्या दुसऱ्या मुलाची किंमतही त्यात धरली पाहिजे. परदेशी विद्या नेहमी रुपयांतच मोजून मिळते असे नाही.

आणि ऋण फेडण्याची आणखी एक रीत त्या काळात होती. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे हा तरुण १९१२ च्या सुमारास इंजिनिअरिंग शिकण्यासाठीच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला. तेथे तो गदर पक्षात शिरला, लष्करात उठाव घडवून आणण्यासाठी हिंदुस्थानात परतला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर फासावर चढला. इंजिनिअर व्हावयास गेलेला हा मुलगा. त्याने पूल बांधला नाही, यंत्र केले नाही. तरी त्याची विद्या वाया गेली असे म्हणण्याची छाती कोणाची होईल?

गांधीजी आणि यंत्र यांचे नाते कसे होते हे आपण जाणतो, किंवा जाणतो असे समजतो. म्हणून पुढील गोष्ट सांगितली पाहिजे. काठेवाडातील देवचंद पारेख या गांधीजींच्या स्नेह्यांनी आपल्याकडील अनेक तरुणांना याच संस्थेत जाण्यास उत्तेजन दिले. त्याच प्रांतातील अनंत पंड्या तेथून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९३९ साली शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजचे पहिले हिंदी प्राचार्य झाले. काकासाहेब कालेलकरांचे चिरंजीव बाळ हे आश्रमात वाढलेले, दांडीच्या वाटेवर गांधीजींबरोबर चाललेले. तेही १९४० साली घनश्यामदास बिर्लांच्या साहाय्याने आणि खुद्द गांधीजींचे परिचयपत्र खिशात घेऊन अमेरिकेस इंजिनिअरिंग शिकण्यास गेले. चरख्याच्या सावलीत वाढलेला मुलगा यंत्रशाळेत गेला आणि त्याला आशीर्वाद चरख्याच्या आचार्यांचाच होता. स्वातंत्र्यापूर्वी या एका संस्थेतून पदव्या घेतलेले हिंदी विद्यार्थी सुमारे शंभर भरतात. त्यांतील कितीतरी स्वदेशीच्या चळवळीशी या ना त्या धाग्याने बांधलेले होते.

परतणे : पुण्याई की कायदा?

येथे थोडे थांबून एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेतो. "त्या पिढीतील मुले शिकून परत आली, हल्लीची मुले तिकडेच राहतात. ती देशभक्त होती, ही स्वार्थी आहेत," असे वाक्य कट्ट्यावर बसलेल्या मंडळींकडून आपण नेहमी ऐकतो. त्या पिढीच्या देशभक्तीविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने भावनेच्या बरोबरीने कायद्याचे पुस्तकही उघडले पाहिजे.

अमेरिकेने १९१७ साली कायदा करून आशिया खंडाच्या फार मोठ्या भागातून येणाऱ्यांना वसाहतीसाठी मज्जाव केला. हिंदुस्थान त्यात आला. विद्यार्थ्यांना सूट होती, पण ती शिकण्यापुरती. पुढे १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हिंदी मनुष्याला अमेरिकेचे नागरिक होता येणार नाही. १९४६ साली ही बंदी उठली, परंतु हिंदुस्थानच्या वाट्याला वर्षाकाठी जागा किती आल्या? फक्त शंभर. म्हणजे त्या काळच्या विद्यार्थ्यापुढे 'राहू की जाऊ' हा प्रश्न आजच्या अर्थाने उभाच नव्हता. दरवाजा आतून बंद होता. परत येणे हा धर्म होताच. तो नियमही होता. ज्याची परीक्षाच झाली नाही त्याला उत्तीर्णही म्हणता येत नाही आणि अनुत्तीर्णही.

दुसरा दाता : सरकार

महायुद्धाच्या अखेरीस देशाच्या औद्योगिक पुनर्रचनेचे आराखडे होऊ लागले आणि १९४५ पासून दिल्ली सरकारने शेकडो विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन विलायत-अमेरिकेत पाठविले. येथे दुसरा दाता रंगमंचावर आला. या काळातील नावे सांगू लागलो तर देशाच्या उद्योगाचा आणि विज्ञानाचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो. सतीश धवन मिनेसोटा विद्यापीठातून १९४७ साली विमानविद्येची मास्टर्स पदवी घेऊन पुढे कॅलिफोर्नियात १९५१ साली डॉक्टर झाले आणि परत येऊन बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागले. अवकाश संशोधनाची धुरा त्यांनी कशी वाहिली ते सर्वश्रुत आहे. फकीरचंद कोहली १९५० साली वीजविद्येत मास्टर्स होऊन आले, मुंबईच्या टाटांच्या वीज कंपनीत रुजू झाले आणि संगणकाच्या धंद्याचे भारतातील जनक म्हणून ओळखले गेले. राजेश्वरी चटर्जी सरकारी शिष्यवृत्तीवर १९४७ साली, सैनिकांची ने-आण करणाऱ्या जुन्या बोटीतून महिनाभराचा प्रवास करून मिशिगन विद्यापीठात गेल्या, तेथे मास्टर्स व १९५३ साली डॉक्टरेट झाल्या, आणि बंगलोरच्या संस्थेत त्यांनी सूक्ष्मलहरींच्या विद्येचा पाया घातला. त्या निघाल्या तेव्हा देश परतंत्र होता. शिक्षण चालू असताना तो स्वतंत्र झाला.

या ऋणाला करार होता. शिकून या आणि ठराविक वर्षे देशात काम करा, असा. विद्यार्थ्यांनी तो पाळला. प्रश्न असा की दुसऱ्या बाजूने तो पाळला काय? परत आलेल्या तज्ज्ञाला त्याच्या विद्येचे काम देणे ही सरकारची बाजू होती. कितीएक परतलेल्या तरुणांना महिनोन्महिने अर्ज करीत बसावे लागले. जी विद्या शिकून आले तिची प्रयोगशाळाच देशात नाही, अशीही गत होती. ही अडचण सरकारच्याही ध्यानात आली आणि १९५८ साली परतणाऱ्या शास्त्रज्ञांना व तंत्रज्ञांना नोकरी मिळेपर्यंत तात्पुरता आसरा देणारी 'सायंटिस्ट्स पूल' ही योजना काढण्यात आली. योजना चांगलीच होती. परंतु तिची गरज पडावी यातच सर्व आले. माहेरी आलेल्या मुलीला घरात खोली नाही म्हणून ओसरीवर अंथरूण घालून द्यावे, तसे ते होते.

तिसरा दाता : परदेशी विद्यापीठ

नलिनीरंजन सरकार समितीने १९४६ साली सुचविले की मॅसॅच्युसेट्सच्या धर्तीवर उच्च तंत्रशिक्षणाच्या चार संस्था देशाच्या चार दिशांना काढाव्यात. मुलांनी समुद्र ओलांडण्याऐवजी ती विद्याच येथे आणावी, हा विचार त्यामागे होता. खरगपूरची संस्था १९५१ साली निघाली, पवईची १९५८ साली रशियाच्या साहाय्याने, त्यानंतर मद्रास, कानपूर आणि दिल्ली. कानपूरला तर अमेरिकेतील नऊ विद्यापीठांनी १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे हातभार लावला. पण इतिहासाला थट्टा करण्याची खोड आहे. मुलांना परदेशी जावे लागू नये म्हणून बांधलेली इमारत हीच परदेशी जाण्याची सर्वांत भक्कम पायरी ठरली.

याचे कारण काय? कारण पुन्हा पैशातच आहे. रशियाने १९५७ साली स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेने विज्ञान-तंत्राच्या शिक्षणावर पैशाचा पाऊस पाडला. प्रयोगशाळा वाढल्या, त्यांत राबणारे हात कमी पडू लागले. गणित पक्के असलेला, इंग्रजी समजणारा, कष्टाळू मुलगा त्यांना पवई-मद्रासकडे आयता मिळाला. त्याला त्यांनी 'असिस्टंटशिप' देऊ केली. आठवड्यातून सुमारे वीस तास प्राध्यापकाच्या संशोधनात हात लावावयाचा किंवा खालच्या वर्गाचे पेपर तपासावयाचे, आणि त्याबद्दल फी माफ व महिन्याला पोटापुरता पगार. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या दिवसांत मध्यमवर्गीय बापाला हा केवढा आधार वाटला असेल ते पाहा. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. म्हणजे मुलाच्या हजार डॉलरांसाठी रविवारपर्यंत ४,७६० रुपये लागत होते, ते सोमवारी ७,५०० लागू लागले. पगार मात्र तेवढाच राहिला. अशा वेळी ज्याला असिस्टंटशिप होती तोच तरला.

त्याच सुमारास, १९६५ साली, अमेरिकेने वसाहतीचा कायदा बदलला. देशोदेशींच्या जुन्या वाटण्या रद्द झाल्या आणि शिकलेल्या, धंदेवाईक माणसाला पसंती मिळू लागली. बंद दरवाजा उघडला. आता 'राहू की जाऊ' हा प्रश्न पहिल्यानेच खरा झाला, आणि तो नेमका अशा पिढीपुढे उभा राहिला जिचे मास्टर्सचे शिक्षण ना देशाच्या वर्गणीतून झाले होते, ना सरकारी शिष्यवृत्तीतून. तिच्या डोक्यावर ऋण होते ते दोघांचे. पवईच्या चार-पाच वर्षांचा खर्च भारतीय करदात्याचा, आणि पुढच्या दोन वर्षांचा खर्च परक्या विद्यापीठाचा. दुसऱ्या धनकोने व्याजासह वसुली केली. पहिला धनको दारात उभा राहिला.

'ब्रेन ड्रेन' हा शब्द याच काळात रूढ झाला. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० नंतरच्या दशकात अशी सूचना मांडली की, परदेशी स्थायिक झालेल्या अशा सुशिक्षितांच्या मिळकतीवर कर बसवून तो त्यांच्या मायदेशांच्या कामी लावावा. ती सूचना त्यांनी मांडली तेव्हा ते स्वतः मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत प्राध्यापक होते, हाही एक योगच. कर काही बसला नाही. पण प्रश्नाला आकड्यांत धरण्याची ती प्रामाणिक धडपड होती.

आकड्यांची दुसरी धडपड आपल्या जवळची आहे. प्राध्यापक सुहास सुखात्मे हे मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेतून १९६४ साली डॉक्टरेट घेऊन १९६५ साली पवईस शिकवावयास आले. ज्या वर्षी अमेरिकेने दार उघडले त्याच वर्षी हा माणूस इकडे परतला. उष्णतेच्या संक्रमणावर आणि सौरऊर्जेवर त्यांनी लिहिलेली पुस्तके देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून चालली. पुढे ते त्या संस्थेचे संचालकही झाले. पण मला त्यांचे निराळेच एक काम महत्त्वाचे वाटते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी महादेवन यांनी १९८७ च्या सुमारास पवईतून १९७३ ते १९७७ या काळात बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचा शोध घेतला आणि त्यांपैकी किती परदेशी स्थायिक झाले ते मोजले. उत्तर आले : तीस टक्क्यांहून थोडे अधिक. "सगळेच जातात" असे ओरडणाऱ्यांना ते कमी वाटले, "कोणी जात नाही" असे म्हणणाऱ्यांना जास्त. स्वतः परत आलेल्या माणसाने न परतलेल्यांना शिव्या न देता मोजावे, याला मी शास्त्रीय वृत्ती म्हणतो.

चौथा दाता : बँक

आता आपण आपल्या काळात येतो. आजच्या मुलाला मास्टर्ससाठी पैसा कोण देतो? बहुतेक वेळा बँक देते. आणि बँकेला तारण देतो बाप. राहता फ्लॅट, गावाकडची जमीन, आईचे दागिने, निवृत्तीचा फंड, यांपैकी काहीतरी त्या दोन वर्षांच्या पदवीसाठी पणाला लागलेले असते. तिकडील विद्यापीठे डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला अजूनही पोसतात. पण नुसत्या मास्टर्सचा विद्यार्थी हा सामान्यतः फी भरणारा गिऱ्हाईक झाला आहे. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांतून फी जवळजवळ नाही, म्हणून अलीकडे आपली मुले तिकडेही वळली आहेत; तरी ओढा अमेरिकेचाच मोठा. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यांतले १,९६,५६७ पदव्युत्तर शिक्षण घेणारे. केशव मल्हार भट एकटे गेले होते!

या पदवीला एवढी किंमत का आली, तेही पाहिले पाहिजे. १९९० च्या कायद्याने अमेरिकेत कुशल परदेशी नोकरांसाठी एच-१बी परवान्याची पद्धत सुरू झाली. तिची नेहमीची वार्षिक मर्यादा ६५,००० ची. त्यावर अमेरिकन विद्यापीठाची मास्टर्स किंवा त्यावरची पदवी असलेल्यांसाठी २००४ च्या कायद्याने आणखी २०,००० जागा ठेवल्या गेल्या. शिवाय इंजिनिअरिंग-विज्ञानाच्या पदवीधरास एक वर्ष आणि त्यावर २०१६ च्या नियमाने आणखी दोन वर्षे तेथे काम करण्याची सवलत मिळाली. म्हणजे मास्टर्सची पदवी विद्येबरोबर चिठ्ठीचे एक जादा नावही देते. पण चिठ्ठी ती चिठ्ठी. तिचे नियम परके सरकार ठरविते आणि केव्हाही बदलते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरांचा आकार एका फर्मानाने बसला, तेव्हा किती घरांतले हिशेब एका रात्रीत कोसळले असतील! १९६६ सालच्या त्या सोमवारची आठवण व्हावी असाच तो दिवस.

ऋणाच्या दृष्टीने पाहिले तर हे चारही प्रकारांत सर्वांत कडक ऋण आहे. पैसा फंडाने वार्ष्णेयांकडे काच मागितली. सरकारने राजेश्वरीबाईंकडे वर्षे मागितली. विद्यापीठाने संशोधन मागितले. बँक फक्त हप्ता मागते. आणि रुपयांतल्या पगारात तो हप्ता बसत नाही, म्हणून मुलगा डॉलर मिळवीत तेथेच राहतो. अशा मुलाला "परत का येत नाहीस?" असे विचारणाऱ्याने आधी त्याच्या बापाच्या घराचे कागद कोठे आहेत ते विचारावे. देशभक्तीची कसोटी घेताना निदान तिची किंमत कोण भरतो आहे एवढे तरी पाहावे.

फेड

मग हे ऋण फिटावयाचे कसे? मी आरंभी टाटांच्या निधीतील मर्म शेवटी सांगेन म्हटले होते. आपल्या परंपरेत देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. त्यांतील ऋषिऋणाची रीत आगळी आहे. ते ज्याच्याकडून घेतले त्याला परत करून फिटत नाही. अध्ययन करून आणि ते दुसऱ्याला शिकवून फिटते. जमशेटजींनी १८९२ साली हीच रीत चोपडीत मांडली. कृष्णाबाईंनी फेडलेला रुपया जमशेटजींच्या खिशात गेला नाही, पुढच्या विद्यार्थ्याच्या तिकिटात गेला. तळेगावच्या भट्टीपाशी, बंगलोरच्या प्रयोगशाळेत, पवईच्या वर्गात हेच घडले.

म्हणून मला परत येणे आणि न येणे या दोन खान्यांत मुलांची वाटणी करणे पटत नाही. परत येऊन कोणालाच काही न शिकविणारा ऋणातच राहतो. आणि तिकडे राहूनही आपल्या गावच्या कॉलेजातील दोन मुलांना हात देणारा थोडाबहुत तरी मोकळा होतो. पण हे सांगून समाजाची सुटका होत नाही. समाजाची म्हणून एक बाजू आहे आणि ती १९५८ सालापासून पुरी झालेली नाही. परत येणाऱ्यासाठी ओसरी नव्हे, खोली हवी. त्याच्या विद्येचे काम हवे, प्रयोगशाळा हवी, आणि त्याला वर चढू देणारा वरिष्ठ हवा. तसेच, गुणी पण गरीब मुलाला बापाचे घर गहाण न टाकता जाता येईल असे, फिरत्या कर्जाचे निधी जिल्ह्याजिल्ह्यांतून हवेत. माणशी एक पैसा काढून ज्या महाराष्ट्राने काचेची भट्टी पेटविली, त्याला हे जड नाही. त्या काळी लोकांपाशी पैसा कमी होता आणि निधी निघाला. आज पैसा आहे आणि आपण तो काढण्याचे काम बँकेवर सोपवून मोकळे झालो आहो.

केशव मल्हार भटांच्या मागून गेलेल्या लाखो मुलांकडून आपण काय घेणे लागतो, याची यादी आपल्याला पाठ आहे. त्यांचे आपण काय देणे लागतो, ही दुसरी यादी करावयास बसावे, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवितो.